दूरस्थ प्रेक्षक आणि राष्ट्रीय ओळख : ऑस्ट्रेलियातील युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या प्रेक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी अलीकडच्या काळात मे महिन्यातील एका शनिवारी, मध्य युरोपातील घड्याळात रात्रीचे नऊ वाजले असता सुरू होते. त्या वेळी भारतात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा, तर सिडनी आणि मेलबर्न येथे रविवारी पहाटेचे पाच वाजलेले असतात. अशा अवेळी उठून हजारो मैलांवरील एका गीतस्पर्धेचा निकाल ऐकण्यासाठी दूरचित्रवाणी संचासमोर बसणारा मोठा प्रेक्षकवर्ग ऑस्ट्रेलियात आहे. हा देश 2015 पासून या स्पर्धेत स्वतः भागही घेतो. युरोपातील वृत्तपत्रांनी या सहभागाकडे बहुधा विनोदाचा विषय म्हणून पाहिले. नकाशा पाहिला तर त्यात नवल नाही. परंतु इतिहास पाहिला असता हा विनोद उरत नाही. प्रस्तुत लेखात या प्रेक्षणाची मुळे ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर धोरणात आणि सार्वजनिक प्रक्षेपण व्यवस्थेत कशी रुजलेली आहेत, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

स्पर्धेची पार्श्वभूमी

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही सार्वजनिक प्रक्षेपण संस्थांची संघटना 1950 मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या खंडातील देशांनी एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहावा, ही त्या काळी तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि राजकीयदृष्ट्या अर्थपूर्ण अशी कल्पना होती. इटलीतील सानरेमो येथील गीतमहोत्सवाचा आदर्श समोर ठेवून 24 मे 1956 रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली स्पर्धा भरली. तीत सात देशांनी भाग घेतला आणि यजमान देशाची गायिका लिस आसिया विजयी झाली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. ‘युरोव्हिजन’ हे मूलतः एका प्रक्षेपण जाळ्याचे नाव आहे. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो संघटनेच्या सदस्य संस्थेमार्फत. त्यामुळेच इस्रायल 1973 मध्ये आणि मोरोक्को 1980 मध्ये या स्पर्धेत उतरू शकले. भूगोलाची चौकट अशा रीतीने आरंभापासूनच काहीशी सैल होती.

योगायोग असा की, ज्या वर्षी लुगानोची स्पर्धा झाली त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर 1956 मध्ये, सिडनी येथे ऑस्ट्रेलियातील नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपणास प्रारंभ झाला. मात्र या दोन घटनांची गाठ पडण्यास आणखी 27 वर्षे जावी लागली. उपग्रहामार्फत दोन गोलार्ध जोडण्याचे तंत्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती आले. तेव्हा या विलंबाचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. ही स्पर्धा पाहण्याची गरज ज्यांना होती, त्यांचा आवाज ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीवर तोवर उमटतच नव्हता.

युद्धोत्तर स्थलांतर आणि बदलता समाज

1901 च्या स्थलांतर निर्बंध कायद्यापासून ऑस्ट्रेलियाने ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ हे धोरण अवलंबिले होते. युद्धानंतर लोकसंख्यावाढीची निकड भासू लागली. 1945 मध्ये स्वतंत्र स्थलांतर खाते निर्माण झाले आणि आर्थर कॉलवेल त्याचे पहिले मंत्री झाले. ब्रिटनमधून पुरेसे लोक येईनात, तेव्हा युरोपातील निर्वासितांना प्रवेश देण्यात आला. त्याचबरोबर माल्टाशी 1948 मध्ये, इटली व नेदरलँड्सशी 1951 मध्ये आणि ग्रीसशी 1952 मध्ये स्थलांतरविषयक करार झाले. युगोस्लाव्हियातूनही मोठ्या संख्येने लोक आले. पुढे मेलबर्न हे ग्रीसबाहेरील ग्रीक भाषकांच्या मोठ्या शहरांपैकी एक म्हणून ओळखले जाऊ लागले.

नवागतांकडून अपेक्षा होती ती सात्मीकरणाची. त्यांनी आपली भाषा व चालीरीती शक्य तितक्या लवकर मागे टाकून इंग्रजी भाषक समाजात विरून जावे, असे अधिकृत धोरण होते. खासगी नभोवाणी केंद्रांवर परभाषेतील कार्यक्रमांना अत्यल्प वेळेची मर्यादा होती. कारखान्यात आणि बांधकामावर राबणाऱ्या या माणसांची भाषा घरात आणि प्रार्थनास्थळात होती. सार्वजनिक अवकाशात तिला स्थान नव्हते.

1973 मध्ये गॉफ व्हिटलॅम यांच्या सरकारने वांशिक भेदाचे धोरण संपुष्टात आणले आणि स्थलांतरमंत्री अल ग्रासबी यांनी बहुसांस्कृतिक समाजाची कल्पना मांडली. जून 1975 मध्ये सिडनी व मेलबर्न येथे अनुक्रमे 2 ई.ए. आणि 3 ई.ए. ही बहुभाषक नभोवाणी केंद्रे सुरू झाली. ‘मेडिबँक’ या नव्या आरोग्यविमा योजनेची माहिती इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हा त्यांचा तात्कालिक हेतू होता. शासकीय सूचना देण्यासाठी उघडलेले हे दार पुढे बंद करता आले नाही.

एस. बी. एस. ची स्थापना आणि 1983 चे प्रक्षेपण

1978 मध्ये स्पेशल ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस अर्थात एस. बी. एस. या संस्थेची स्थापना झाली. 24 ऑक्टोबर 1980 रोजी, संयुक्त राष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, तिची दूरचित्रवाणी वाहिनी सिडनी व मेलबर्न येथे सुरू झाली. 1956 मध्ये सिडनीच्या पहिल्या प्रक्षेपणात प्रेक्षकांचे स्वागत करणारे ब्रूस जिंजेल हेच या वाहिनीच्याही उद्घाटनप्रसंगी पडद्यावर आले. पहिला कार्यक्रम होता पीटर लक यांचा माहितीपट; त्याच्या शीर्षकाचा मराठी अर्थ ‘आपण कोण आहोत?’ असा होतो. पुढील चार दशकांचा इतिहास पाहता हा प्रश्न सूचक ठरतो.

या वाहिनीने 1983 मध्ये, म्यूनिक येथे झालेल्या स्पर्धेपासून, युरोव्हिजनचे प्रक्षेपण सुरू केले. देशोदेशीचे चित्रपट, बातम्या व फुटबॉलचे सामने इंग्रजी उपशीर्षकांसह दाखविणाऱ्या वाहिनीला ही स्पर्धा सोयीची होती. एकाच कार्यक्रमात अनेक भाषा ऐकू येत. 1977 ते 1998 या काळात प्रत्येक देशाने आपल्याच भाषेत गावे असा स्पर्धेचा नियम होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. मायदेश सोडून तीस वर्षे झालेल्या ग्रीक, इटालियन किंवा युगोस्लाव्ह कुटुंबाला आपली भाषा, आपला ध्वज आणि आपला गायक त्या रात्री दिवाणखान्यातील पडद्यावर दिसे. पत्रातून आणि दूरध्वनीवरून कळणारा मायदेश त्यांना इतर देशांच्या बरोबरीने उभा असलेला पाहता येई.

या सोयीला शाश्वती मात्र नव्हती. नव्या कंपनलहरींवरील हे प्रक्षेपण पाहण्यासाठी घरावर वेगळी अँटेना बसवावी लागे, आणि पर्थ व होबार्टपर्यंत वाहिनी पोहोचण्यास 1986 साल उजाडले. त्याच वर्षी बॉब हॉक यांच्या सरकारने एस. बी. एस. चे ए. बी. सी. या मुख्य सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेत विलीनीकरण करण्याचा प्रस्ताव मांडला. स्थलांतरित समाजांनी त्यास तीव्र विरोध केला आणि 1987 मध्ये तो मागे घेण्यात आला. 1991 च्या स्वतंत्र कायद्याने संस्थेला स्थैर्य लाभले. आज ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय छंद म्हणून जिचे कौतुक होते, ती स्पर्धा ज्या वाहिनीमुळे देशात आली ती वाहिनी या विरोधामुळे स्वतंत्र राहिली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

दोन प्रेक्षकवर्ग, एक समालोचन

प्रारंभी स्थलांतरितांसाठी दाखविल्या जाणाऱ्या या कार्यक्रमाला हळूहळू दुसरा प्रेक्षकवर्ग लाभला. तो मुख्यतः इंग्रजी भाषक, शहरी आणि तरुण होता. भडक वेशभूषा, अतिनाट्य सादरीकरण आणि शेजारी देशांनी एकमेकांना दिलेले गुण यांची त्याला मौज वाटे. मित्रमंडळी जमवून, प्रत्येकाने एकेक देश वाटून घेऊन, हाती गुणपत्रिका धरून स्पर्धा पाहण्याची प्रथा पडली. समलैंगिक समुदायातही तिला निष्ठावान चाहते मिळाले. वेळेच्या फरकामुळे ध्वनिचित्रमुद्रित प्रक्षेपण रविवारी सायंकाळी होई. निकाल आधी कळू नये म्हणून बातम्या टाळणे, हाही त्या रविवारचा भाग झाला.

या दोन्ही वर्गांना ऐकू येणारे समालोचन दीर्घकाळ एकच होते. एस. बी. एस. बी. बी. सी. चे प्रक्षेपण घेत असल्याने टेरी वोगन यांची उपरोधिक टिप्पणी ऑस्ट्रेलियातही पोहोचे. यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. स्थलांतरितांच्या संस्कृतीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून स्थापन झालेली वाहिनी, त्याच संस्कृतीच्या आविष्काराकडे ब्रिटिश प्रेक्षकाच्या मिस्कील नजरेतून पाहण्यास शिकवीत होती. एकाच गाण्याला एका घरात डोळे पाणावत असतील आणि शेजारच्या घरात हशा पिकत असेल, तर त्या गाण्याचा अर्थ कोणता, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. 2009 पासून ज्युलिया झेमिरो आणि सॅम पँग हे स्थानिक निवेदक या कार्यक्रमासाठी आले. झेमिरो यांचा जन्म फ्रान्समधील आहे. थट्टेचा सूर पुढेही राहिला. पण ती थट्टा आता लंडनहून येत नव्हती.

प्रेक्षकाच्या निष्ठेचा प्रश्नही या काळात गुंतागुंतीचा झाला. 1989 मध्ये युगोस्लाव्हिया विजयी झाला आणि 1990 ची स्पर्धा झाग्रेब येथे भरली. 1993 मध्ये क्रोएशिया, स्लोव्हेनिया आणि बोस्निया-हर्झगोव्हिना हे स्वतंत्र देश म्हणून अवतरले. ज्या देशातून माणूस निघाला तो देशच गुणफलकावरून नाहीसा झाला होता. सामायिक मायदेशाच्या फुटण्याची वार्ता दूरदेशी राहणाऱ्याला एका गीतस्पर्धेतूनही अशी मिळत होती.

प्रेक्षक ते स्पर्धक

ऑस्ट्रेलियाशी संबंधित कलावंत या मंचावर पूर्वीही आले होते, परंतु अन्य देशांच्या नावाने. मेलबर्नमध्ये वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन 1974 मध्ये ब्राइटन येथे ब्रिटनतर्फे गायल्या. त्या वर्षी स्वीडनचा ‘आबा’ हा समूह जिंकला. मेलबर्नजवळच्या फ्रँकस्टन येथे जन्मलेले जॉनी लोगन यांनी 1980 आणि 1987 मध्ये आयर्लंडला विजय मिळवून दिला.

2014 मध्ये कोपनहेगन येथील उपान्त्य फेरीत जेसिका माउबॉय यांनी पाहुण्या कलाकार म्हणून गायन केले. पुढील वर्षी स्पर्धेच्या साठाव्या आवृत्तीनिमित्त, संघटनेची सहयोगी सदस्य असलेल्या एस. बी. एस. ला सहभागाचे निमंत्रण मिळाले. एका वर्षापुरते दिलेले हे निमंत्रण पुढे चालू राहिले. व्हिएन्ना येथे गाय सेबॅस्टियन पाचवे आले. 2016 मध्ये स्टॉकहोम येथे डामी इम यांना 511 गुणांसह दुसरा क्रमांक मिळाला. युक्रेनच्या विजेत्या जमाला यांचे गुण 534 होते. परीक्षक मंडळांच्या गुणांत इम पहिल्या होत्या. यानंतरची वाटचाल चढउताराची आहे. 2021 मध्ये महासाथीमुळे माँटेन यांना रॉटरडॅमला जाता आले नाही. त्यांचे सिडनीत मुद्रित केलेले सादरीकरण दाखविण्यात आले आणि ऑस्ट्रेलिया प्रथमच अंतिम फेरीबाहेर राहिला. 2024 मध्ये ‘इलेक्ट्रिक फील्ड्स’ या जोडीने आपल्या गीतात यांकुनिचाचारा या आदिवासी भाषेचा वापर केला. त्यांनाही अंतिम फेरी गाठता आली नाही. तथापि युरोपकेंद्री मंचावर या भूमीची मूळ भाषा ऐकू आली, हे महत्त्वाचे होय.

सेबॅस्टियन यांचा जन्म मलेशियातील, तर इम यांचा दक्षिण कोरियातील. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाचे गुण जाहीर करणाऱ्या निवेदिका ली लिन चिन यांचा जन्म इंडोनेशियातील. 2021 च्या जनगणनेनुसार परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडखालोखाल भारतात जन्मलेल्यांचा क्रमांक लागतो. 1983 मध्ये ज्यांच्यासाठी प्रक्षेपण सुरू झाले तो युरोपीय स्थलांतरितांचा वर्ग वृद्ध झाला आहे आणि नव्या स्थलांतरितांना या मंचावर स्वतःचा मायदेश सापडत नाही. त्यांना तेथे सापडतो तो ऑस्ट्रेलिया, आणि तोही आशियात जन्मलेल्या गायकाच्या रूपात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ऑस्ट्रेलियातील युरोव्हिजनप्रेम हा लहरीचा किंवा भौगोलिक चुकीचा प्रकार नाही. स्थलांतर करार, बहुसांस्कृतिक धोरण, स्वतंत्र वाहिनी आणि ती वाहिनी टिकविण्यासाठी झालेला विरोध या क्रमाने ते घडत गेले. स्थलांतरितांचे आस्थेने पाहणे, इतरांचे मौजेने पाहणे आणि राष्ट्र म्हणून सहभागी होणे, असे त्याचे तीन टप्पे मानता येतात. तिसऱ्या टप्प्याच्या झगमगाटात पहिला विस्मरणात जाण्याचा धोका आहे. कारण राष्ट्रीय छंद म्हणून एखादी गोष्ट मिरवली जाऊ लागली की ती मुळात कोणाची होती, हे विचारण्याचे प्रयोजन उरत नाही.

सहभागाने अनेक निष्ठांची जागा एका राष्ट्रध्वजाने घेतली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते अर्धसत्य ठरेल. कोणत्याही देशाच्या प्रेक्षकांना स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, असा स्पर्धेचा नियम आहे. 2015 पर्यंत मेलबर्नमधील ग्रीक वंशाच्या प्रेक्षकाची पसंती अधिकृत निकालात मोजली जात नसे. ऑस्ट्रेलिया स्पर्धक झाल्यावर त्याला मताधिकार मिळाला आणि ते मत त्याला ऑस्ट्रेलियाबाहेरच द्यावे लागते. मंचावर एक असलेला देश मतदानात पुन्हा अनेक होतो. 2023 पासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येते. त्या सर्वांचे मिळून एका देशाएवढे गुण धरले जातात. दूरस्थ प्रेक्षकाला मिळालेली ही मान्यता जगभर पसरली असली, तरी तिची पहिली मोठी वाट ऑस्ट्रेलियातील स्थलांतरितांच्या दिवाणखान्यांतून गेली. 1980 मध्ये विचारलेल्या ‘आपण कोण आहोत?’ या प्रश्नाचे एकच उत्तर त्या देशाला अद्याप देता आलेले नाही, आणि दरवर्षीच्या त्या पहाटे ते एकच असण्याची गरजही नाही.