संततिनियमनाची शंभर वर्षे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादिकाबाईंनी सांगितले. पाककृती लिहिणार होते. पण एका प्रसंगाने विषय बदलला.

गेल्या पावसाळ्यात शेजारची नवी सून दुपारच्या वेळी माझ्याकडे आली. "काकू, काल रात्री आम्ही काही काळजी घेतली नाही. आत्ताच मूल नको आहे. कुणाला विचारू?" ती औषधाच्या दुकानात जाऊन आली होती, परंतु तेथील माणसाने चार गिऱ्हाइकांदेखत "लग्न झालंय का?" असे विचारले आणि ती रिकाम्या हाती परतली. मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

परतताना मला रघुनाथराव कर्वे आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. 1921 साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. या कार्यापायी 1925 साली त्यांची नोकरी गेली. 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्यावर खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला, तरी 1953 साली मृत्यू येईपर्यंत मासिक थांबले नाही. पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हेच काम पुढे नेले. 1952 साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला.

एवढे होऊनही आमच्या वसईच्या घरात हे वारे पोचले नव्हते. माझ्या आईची सात बाळंतपणे झाली. दिवस राहतील अशी धास्ती वाटली की कच्ची पपई नि कुणीतरी सांगितलेला काढा, एवढाच तिचा उपाय. त्याचा गुण कधी आला नाही; अंग मात्र खंगत गेले.

आज खरा उपाय आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावयाची. जितकी लवकर तितकी बरी. 2005 पासून आपल्या देशात ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडीत नाही. गर्भपाताची औषधे निराळी, ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेतली तर तो उपाय गोळीहूनही खात्रीचा. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करावी. ही गोळी नेहमीच्या साधनाची जागा घेऊ शकत नाही आणि तिने रोगांपासून संरक्षणही होत नाही.

आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्मांच्या नि मतांच्या भगिनी आहेत. कुणी काय पत्करावे, हा जिचा तिचा प्रश्न. पण माहिती नसल्यामुळे कुणावर काही लादले जाऊ नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

ती सून आता मजेत आहे. माझ्या आईला मात्र तिच्या वेळी कुणी डॉक्टरीणबाईंकडे नेले नाही. लेकीसुनांपैकी कुणी दबकत दाराशी आली, तर तिला आत बोलवा आणि आधी तिचे ऐकून घ्या.