पायाशी बसलेला कुत्रा आणि त्याची जात

जून २०१८ मध्ये अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीने एक घोषणा केली. १० जुलैपासून पिट बुल वर्गातील कुत्र्यांना केबिनमध्ये प्रवेश मिळणार नव्हता. मग तो अपंग प्रवाशाचा प्रशिक्षित साहाय्यक श्वान असो, वा केवळ भावनिक आधारासाठी सोबत आणलेला कुत्रा असो. अशाच एका कुत्र्याने दोन कर्मचाऱ्यांना चावा घेतल्याचे कारण कंपनीने दिले. या घोषणेवरून पुढे अडीच वर्षे वाद चालला. एखाद्या जिवाला त्याच्या वर्तनावरून जोखावे की त्याला दिलेल्या नावावरून, हा त्या वादाचा गाभा होता. साहित्याच्या अभ्यासकांना नावांचे सामर्थ्य अपरिचित नाही. म्हणून या प्रकरणाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, असे आम्हांला वाटले.

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा आज आदराचा विषय आहे. हा आदर मात्र त्याला आयता मिळालेला नाही. १९२७ मध्ये डोरोथी हॅरिसन युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंनी अशा कुत्र्यांच्या प्रशिक्षणाविषयी एक लेख लिहिला. तो ऐकून नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण त्यांच्याकडे गेला आणि १९२८ मध्ये ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन अमेरिकेत परतला. न्यूयॉर्कमधील वाहत्या रस्त्यातून बडीने त्याला वार्ताहरांच्या देखत पलीकडे नेले. १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. तरीही उपाहारगृहे दार लावून घेत, रेल्वेवाले कुत्रीला सामानाच्या डब्यात ठेवायला सांगत. फ्रँकने वर्षानुवर्षे ही दारे ठोठावली. विमानाच्या केबिनमध्ये धन्यासोबत बसण्याची मुभा युनायटेड या कंपनीने दिली ती मे १९३८ मध्ये, आणि त्यानंतर आठवड्याभरातच बडी मरण पावली.

येथे एक योगायोग नमूद केला पाहिजे. ज्या १९२९ साली अमेरिकेत जर्मन शेफर्ड हा अंधांचा डोळा ठरत होता, त्याच साली ऑस्ट्रेलियाने त्याच जातीच्या कुत्र्यांची आयात बंद केली. ही कुत्री रानटी डिंगोंशी संकर करतील आणि मेंढ्यांचा फडशा पाडतील, अशी तेथील मेंढपाळांना भीती होती. या भीतीला नावानेही खतपाणी घातले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला, तेव्हा या कुत्र्याचे ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ असे बारसे झाले. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी असलेले ‘अल्सेशियन’ हे नाव त्याच बारशाचा अवशेष होय. नावात लांडगा आला आणि लोकांना कुत्र्यातही लांडगा दिसू लागला. ऑस्ट्रेलियातील बंदी उठायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

पिट बुलच्या नावात तर झुंजच आहे. ‘पिट’ म्हणजे जनावरांच्या झुंजींचा हौदा. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला. कुत्र्यांच्या आपसांतील झुंजी मात्र तळघरांतून आणि गुत्त्यांच्या मागील खोल्यांतून चोरून चालू राहिल्या. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून पैदास झालेली कुत्री स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लबने ‘अमेरिकन पिट बुल टेरियर’ ही जात नोंदवली. अमेरिकन केनेल क्लबने १९३६ मध्ये तशाच कुत्र्यांना ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ या नावाने मान्यता दिली. हौदा वगळला, आणि तेवढ्याने कुत्रा प्रतिष्ठित झाला! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्याविषयी फारशी दहशत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकन चित्रफलकांवर तो राष्ट्राच्या धैर्याचे प्रतीक म्हणून झळकला. ‘अवर गँग’ या विनोदी चित्रपटमालिकेत तो मुलांचा सवंगडी होता.

हे चित्र १९८० च्या दशकात पालटले. बेकायदा झुंजी आणि अमली पदार्थांचा व्यापार यांच्या बातम्यांतून हा कुत्रा घरोघरी पोहोचला. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने जुलै १९८७ मध्ये मुखपृष्ठावर त्याचा उघडा जबडा छापला. १९८९ मध्ये डेन्व्हर शहराने त्याच्यावर बंदी घातली, १९९१ मध्ये ब्रिटनने धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. पुढे २००७ मध्ये मायकेल व्हिक या फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर झुंजींचा अड्डा उघडकीस आला, तेव्हा जनमत पुन्हा थोडे हलले. तेथून सोडवलेल्या कुत्र्यांपैकी बरीच घरांत रुळली, काही तर रुग्णांना आणि मुलांना दिलासा देण्याच्या कामी आली.

दरम्यान साहाय्यक श्वानाची कल्पनाही विस्तारली होती. १९८६ च्या विमानप्रवासविषयक कायद्याने अपंग प्रवाशांशी भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच्या नियमांत पुढे मानसिक आजारांत सोबत देणाऱ्या, परंतु कोणतेही खास प्रशिक्षण नसलेल्या प्राण्यांनाही स्थान मिळाले. हेतू चांगला होता. मात्र पाळीव प्राण्याचे भाडे चुकवण्यासाठी या सवलतीचा सर्रास वापर होऊ लागला. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका मोराला प्रवेश नाकारल्याची बातमी जगभर गाजली. २०१६ पासून प्राण्यांमुळे घडणाऱ्या तक्रारयोग्य घटना ८४ टक्क्यांनी वाढल्याचे डेल्टाने सांगितले. जून २०१७ मध्ये डेल्टाच्याच विमानात एका प्रवाशाच्या चेहऱ्याला शेजारच्या कुत्र्याने गंभीर जखमा केल्या होत्या. तो कुत्रा लॅब्रेडॉरचा संकर असल्याचे सांगितले गेले. लॅब्रेडॉरवर मात्र बंदी आली नाही.

डेल्टाच्या निर्णयावर उमटलेल्या प्रतिक्रियांत तीन सूर ऐकू येतात. पहिला भ्यालेल्या प्रवाशांचा आणि कर्मचाऱ्यांचा. तीस हजार फुटांवर, हातभर जागेत, उठून दूर जाण्याची सोय नसताना बळकट जबड्याचे जनावर शेजारी असणे कोणालाही सुखाचे वाटणार नाही. या भीतीला हसण्यात शहाणपण नाही. दुसरा सूर पिट बुलच्या कैवाऱ्यांचा. तिसरा सूर सर्वांत दबका होता, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : खऱ्या साहाय्यक श्वानांवर ज्यांचे चालणे-फिरणे अवलंबून आहे त्या अपंगांचा. तोतया श्वानांमुळे त्यांच्या शिकवलेल्या कुत्र्यांवर हल्ले होत होते, त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. म्हणून नियम कडक व्हावेत, ही त्यांच्यातील अनेकांचीही मागणी होती. परंतु ज्याचा प्रशिक्षित कुत्रा दिसायला पिट बुलसारखा होता, त्याच्यासाठी या बंदीचा अर्थ एवढाच होता की, विमान सोडा किंवा आधार सोडा.

‘दिसायला’ हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरला. फ्लोरिडातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्राणी-निवाऱ्यांतील कर्मचाऱ्यांनी पिट बुल ठरवलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या डीएनएत त्या जातींचा अंश आढळला नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनभेदाचा सुमारे ९ टक्केच भाग जातीने स्पष्ट होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने, केवळ जातीवरून साहाय्यक श्वानास मज्जाव करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. डेल्टाने तरीही बंदी कायम ठेवली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला नियम ११ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि डेल्टाला माघार घ्यावी लागली. या नियमाने साहाय्यक प्राणी म्हणजे विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्रा, तो कोणत्याही जातीचा असो, अशी व्याख्या केली. भावनिक आधाराच्या प्राण्यांना साहाय्यक प्राणी म्हणून सामावून घेण्याचे बंधन कंपन्यांवर उरले नाही. कुत्र्याचे प्रशिक्षण, आरोग्य आणि वर्तन यांविषयीचे लेखी निवेदन कंपनी मागू शकते, आणि एखादा कुत्रा प्रत्यक्ष धोकादायक वागला तर त्याला रोखू शकते. म्हणजे भीतीची दखल घेतली गेली. परंतु ती नावाच्या ऐवजी वर्तनाच्या कसोटीला जोडली गेली.

मराठीत कुत्र्याची आणि माणसाची ‘जात’ एकाच शब्दाने सांगितली जाते. त्यामुळे ‘जातीवरून मज्जाव’ हे शब्द लिहिताना आमचा हात थबकला. दोन्ही एका तागडीत तोलणे अर्थातच चुकीचे ठरेल. कुत्र्यांच्या जाती माणसाने पैदाशीतून घडवल्या, त्यांत काही गुण मुद्दाम जोपासले. माणसांवरील जात ही समाजाने लादलेली उतरंड आहे. साम्य आहे ते पाहणाऱ्याच्या सवयीत. नाव कळले की समोरच्याकडे पाहायचे आपण थांबवतो. एके काळी लांडग्याचे नाव चिकटलेल्या जातीतील बडीला धन्याच्या पायाशी बसण्यासाठी दहा वर्षे लागली, आणि तो हक्क तिला मिळाला तो तिने काय केले ते लोकांनी पाहिले म्हणून. पिट बुलच्या वाट्याला हे पाहणे यावे, एवढेच २०२१ च्या नियमाने म्हटले आहे. नियमाने दार उघडते. शेजारच्या आसनावरील माणसाची नजर बदलायला मात्र अधिक काळ लागतो.