आजीचा नैवेद्य आणि गोबर गॅस

गणपतीला गावी गेलो होतो. मालवणपासून आत, आमच्या गोठ्यामागे एक जुना गोल हौद आहे, वर गंजलेली लोखंडी टाकी. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, दोन म्हशी घेतोय. हा गोबर गॅस परत सुरू करूया. आणि या वेळी संडासही जोडूया."

काकी तिथेच होती. ती काही बोलली नाही, नुसतं तोंड फिरवलं. मला एकदम आजी आठवली.

१९८६ साली बाबांनी हा गॅस बांधला, तेव्हाही संडास जोडायचा बेत होता. आजी म्हणाली होती, "शेणाचो गॅस चलात. पण तां दुसरां नको. माझ्या देवाचो नैवेद्य तेच्यार शिजूचो नाय." विषय संपला. पुढे गुरं विकली, सिलिंडर आला आणि टाकी गंजली.

मुंबईला परतल्यावर वाचायला बसलो, तर गंमत अशी की या गॅसची सुरुवातच 'त्या दुसऱ्या'पासून झाली होती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरला गेला. ज्यांना कोणी शिवत नव्हतं, त्यांच्या घाणीतून उजेड! शेणाचा गॅस नंतरचा. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा नमुना तयार केला आणि १९६२ पासून खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. आमच्या परसातली टाकी त्याच कुळातली.

आणि मधला दुवा तर आमच्याच जिल्ह्यातला निघाला. कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. सरकारने नाकारलं म्हणून त्यांनी अन्न सोडलं आणि त्यांना पाठिंबा म्हणून ३ डिसेंबरला येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. याच माणसाने पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि तिथे मैल्यापासून खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले. त्यांच्याच कामावरून देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडायचा 'मलप्रभा' गॅस प्लँट पुढे नेला. डॉक्टरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गोपुरी आमच्या घरापासून एसटीने तासा-दीड तासावर, आणि मला हे पन्नाशीत कळतंय!

आता भाऊ म्हणतो, यात हवामानाचंही भलं आहे. खरं आहे, पण हिशेब नीट मांडायला हवा. पावसात भिजलेल्या शेणाच्या खड्ड्यात हवा शिरत नाही, तिथे मिथेन तयार होऊन वर जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायॉक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. तोच वायू टाकीत कोंडून शेगडीत जाळला, की उरतो कार्बन डायॉक्साइड आणि पाणी. मात्र गुरांचा बहुतेक मिथेन शेणातून नव्हे, ढेकरांतून येतो. गोबर गॅस ढेकर थांबवत नाही. भाताच्या तुंबलेल्या खाचरातूनही मिथेन निघतो, त्यालाही हा इलाज नाही. आणि टाकी गळकी असेल, तर उघड्या खड्ड्यापेक्षा जास्त मिथेन हवेत सोडल्याचं पाप माथी. तेव्हा गंजकी टाकी रंगवून चालणार नाही, बदलावीच लागेल.

संडास जोडून गॅस फार वाढेल असंही नाही. पंचवीस किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, माणसांचं त्यापुढे किरकोळच. मग जोडायचा कशाला? तर घाण विहिरीच्या पाण्यात जाऊ नये म्हणून, आणि ती कुणा दुसऱ्याला उपसावी लागू नये म्हणून. आमच्या लहानपणी ती कोण उपसायचं, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांना पाणी वरून ओतून द्यायची तीच आजी, जिने मला जीव लावला. हे लिहिताना हात अडखळतो.

झारापच्या 'भगीरथ' संस्थेने जिल्ह्यात गावोगाव गोबर गॅस बांधून दिले आहेत. भाऊ तिथे चौकशी करणार आहे. पैसे मी देतो म्हटलं, अट एकच, संडास जोडायचा.

काकीला फोन केला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "नैवेद्य मी चुलीवर करीन. चाय तुमका गॅसवर करून देईन."

काकीचा नैवेद्य चुलीवर तर चुलीवर. पहिला चहा मात्र मी पिणार. खरं सांगू? ते म्हणताना क्षणभर माझंही तोंड वाकडं झालंच होतं.

असो. तुमच्या गावच्या परसात अशी एखादी टाकी गंजत पडली असेल, तर जरूर कळवा.