ॲस्टनचा घण

आधी नाक तयार ठेवा. डोळ्यांना इथे फारसं काही मिळणार नाही. काजळी बसलेल्या विटांची एकमेकींना चिकटलेली घरं, ओला रस्ता, आणि युद्धात बाँब पडून मोकळे झालेले, अजूनही न बांधलेले प्लॉट. नाकाला मात्र उसंत नाही. एकीकडून एचपी सॉसच्या कारखान्यातली व्हिनेगरची आंबट वाफ येते, शेजारच्या ॲन्सेल्स ब्रुअरीतून शिजत्या मॉल्टचा जड वास येतो, आणि दोन्हींच्या खाली कोळशाचा धूर. बेज्जूरहून कागजनगरला जाताना पेपर मिल दिसायच्या आधी तिचा वास भेटतो आणि मग दिवसभर शर्टातून जात नाही, तसंच समजा. तुम्ही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन वस्तीत आहात.

साल १९६५. एका पत्र्याच्या कारखान्यात शिरा. कानात बोटं घालून उपयोग नाही, प्रेसचा ठोका बुटांच्या तळव्यांतून वर चढतो. गरम तेलाचा वास घशात बसतो. समोर सतरा वर्षांचा टोनी आयोमी उभा आहे. त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस. गिटार वाजवायला परदेशी निघालाय. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत यायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. पण आई म्हणाली, हाती घेतलेला दिवस पुरा करून ये. त्याचं काम वेल्डिंगचं. आज प्रेसवरचं माणूस आलेलं नाही, म्हणून त्याला तिथे उभं केलंय.

तोंड फिरवायचं असेल तर आत्ता फिरवा.

प्रेस खाली येतो, तो हात मागे ओढतो, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं आतच राहतात. टोनी डावखुरा आहे. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच.

आता त्याच्या घरी चला, इथे जळक्या प्लास्टिकचा वास आहे. भांडी घासायच्या साबणाची बाटली त्याने वितळवली आहे. गोळा थोडा निवला की तो त्याला भोक पाडतो, घासतो, बोटावर चढवून बघतो, काढतो, पुन्हा घासतो. वरून जुन्या जाकिटाच्या चामड्याचा तुकडा चिकटवतो, नाहीतर तारेवर पकड येत नाही. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली होती. आगीत हात भाजल्यावर हा माणूस दोन बोटांवर गिटार वाजवत होता. टोनीने एवढंच मनात धरलं. जाड तारांनी बोटं दुखतात, म्हणून तो बँजोच्या बारीक तारा गिटारला लावतो. जरा थांबून बघा त्याच्याकडे. पुढे ज्या संगीताला डूम मेटल म्हणायचं त्याचा उगम मी इथे मानतो. भुताखेतांची पाळी नंतरची.

चार वर्षं ओलांडा. मंगळवारची रात्र, स्टेशन स्ट्रीटवरच्या क्राउन पबच्या माडीवर हेन्रीज ब्लूज हाउस भरलंय. सिगारेटचा धूर इतका की समोरच्याचा चेहरा अर्धाच दिसतो. सांडलेल्या बिअरने बूट फरशीला चिकटतात, ओल्या कोटांना लोकरीचा वास मारतोय, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत आहे. लोक गप्पा थांबवत नाहीत, म्हणून ही चार पोरं आवाज वाढवत नेतात. गिटारवर टोनी, गायला कत्तलखान्यात काम करून आलेला ऑझी ऑस्बॉर्न, ड्रमवर बिल वॉर्ड, बासवर हिशेबनीस होऊ घातलेला गीझर बटलर. अर्थ हे जुनं नाव टाकून त्यांनी बोरिस कार्लोफच्या भयपटाचं नाव घेतलंय: ब्लॅक सॅबथ.

गीझरने आपली खोली काळी रंगवली आहे. ऑझीने दिलेलं मंत्रतंत्राचं जुनं पुस्तक वाचून तो झोपला, आणि मध्यरात्री पायाशी एक काळी आकृती उभी दिसली, असं तो सांगतो. घाबरून त्याने तो नाद सोडला. बँडच्याच नावाचं त्यांचं गाणं त्याच भीतीचं आहे. जादूटोण्याची जाहिरात त्यात कुठेच नाही. मदतीसाठी देवाला हाक मारणारा घाबरलेला माणूस आहे. हे नीट ऐकणारे तेव्हाही थोडे होते.

आणि त्या गाण्यातले ते तीन स्वर! सा, मग वरचा सा, मग तिथून उतरून तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाचं अंतर म्हणत आले. आपला यमन याच मध्यमावर किती प्रसन्न होतो. पण तिथे त्याला गंधार आणि पंचम हाताला धरून असतात. इथे तो एकटा सोडलाय, आणि इतक्या संथपणे की दोन ठोक्यांमध्ये तुमचा श्वास तुम्हालाच ऐकू येतो. पबमधली बडबड थांबलीच.

१६ ऑक्टोबर १९६९, लंडन, रीजंट साउंड स्टुडिओ. आत या, केबलवर पाय देऊ नका. लॅनी ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह तापलेत. त्यांच्यावरची धूळ भाजल्याचा वास येतोय, मागे हात धरा, ऊब लागेल. चार ट्रॅकची टेप आहे, बारा तास आहेत, खर्च सहाशे पौंडांच्या आसपास. निर्माता रॉजर बेन त्यांना फारसं अडवत नाही. रोज पबमध्ये वाजवतात तसंच वाजवायचं, ऑझीने एवढ्याशा बूथमध्ये सोबतच गायचं. पहिल्या गाण्यानंतर टोनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप दगा देतो. तो जादा म्हणून आणलेली गिब्सन एसजी उचलतो आणि उरलेला अल्बम तिच्यावर होतो. पाऊस आणि घंटा शोधू नका, त्या मागाहून जोडायच्या आहेत. या क्षणी खोलीत फक्त वजन आहे, ॲस्टनच्या प्रेसचं वजन.

हाच आवाज मिळावा म्हणून इलेक्ट्रिक विझार्ड या डूम बँडने पुढे विचकल्ट टुडे हा अल्बम टो रॅग या जुन्या यंत्रांच्या स्टुडिओत केला. आपल्याकडे बेंगळुरूचा बेवार सी हा बँड त्याच वाटेने गेला. या सगळ्यांवर माझं प्रेम आहे. त्यांनी तो आवाज निवडून, शोधून आणला. या चौघांपुढे निवड नव्हती, चुकलेला सूर पुसायला वेळ नव्हता, आणि एक अख्खा दिवस मिळाला हीच त्यांना चैन वाटत होती.

अल्बमच्या कव्हरवरची पाणचक्कीसमोरची काळ्या कपड्यातली बाई, आतल्या पानावरचा उलटा क्रूस हे रेकॉर्ड कंपनीचं काम. क्रूस छापून आल्यावरच त्यांना कळणार आहे. स्वतः ते गळ्यात सुलटे क्रूस घालणार आहेत, रात्रपाळीला अवजारं घडवणाऱ्या ऑझीच्या वडिलांनी ॲल्युमिनियमचे करून दिलेले.

मिक्सिंगला ते थांबणार नाहीत. उद्या स्वित्झर्लंडला जायचंय, वीस पौंडांवर वाजवायला. व्हॅन दाराशी लागलीय. नुसते उभे राहू नका, त्या लॅनीचं एक टोक धरा.