विरी गेलेलं पीठ

घरघंटी घेतली की जातं परत आलं, असं मानणं मला पटत नाही. अभ्यासकांनी गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्या जात्यावरच्या आहेत, आणि तिथे बहुधा दोघींचे हात एकाच खुंट्यावर असत. मग नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घराला पहाटेचं दळण जडच गेलं असणार. पुढे ते ओझं मोहल्ल्यातल्या चक्कीने उतरवलं. तिथे आधीच्या गव्हाचं पीठ आपल्या ज्वारीत येतं, ही तक्रार खरी; पण जाणता चक्कीवाला ज्वारीवर ज्वारीच टाकतो, म्हणून तर डबे रांगेत ताटकळतात. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकर थापताना कडेला चिरते. त्यावर उपाय थोडंथोडं दळून आणण्याचा. तेवढ्यासाठी घरात यंत्र कशाला? उपवासाची भगर दळायची असेल, तर गोष्ट वेगळी.