आंबिल ओढा, दोन तळी आणि एक फुलराणी

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाबाहेर रविवारी जी गर्दी असते, त्यातल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा, लहानपणी वाघ कुठे पाहिलात? अस्सल पुणेकर असतील तर म्हणतील, पेशवे पार्कात! कात्रजचा वाघ हा तसा अलीकडचा. पण मंडळी, ही दोन्ही ठिकाणं एकाच ओढ्याने बांधलेली आहेत. तो म्हणजे आपला आंबिल ओढा.

ओढा उगम पावतो कात्रजच्या डोंगरात. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथे बांध घातले. वरच्या तळ्यात गाळ खाली बसायचा आणि खालच्या तळ्यातलं निवळ पाणी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत जायचं. ना पंप, ना वीज, नुसता उतार. नळ कसला, माणूस उभा चालेल एवढं भुयारच! वाटेत जागोजागी उच्छ्वास आणि शहरात हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावं जुन्या पुणेकरांना आठवतील.

हाच ओढा पुढे पर्वतीच्या पायथ्याशी जातो. तिथेही नानासाहेबांनी तळं केलं, मधे बेट ठेवलं. त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. आज गणपती आहे, तळं नाही. ते कोरडं करून तिथे सारसबाग झाली.

त्याच परिसरात १९५३ साली पुणे महापालिकेने पेशवे पार्क सुरू केलं. जागा जेमतेम सात एकर. वाघ, हत्ती, मोर, माकडं, झोपाळे, घसरगुंड्या. आणि ८ एप्रिल १९५६ पासून ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी. मॉल नव्हते, टीव्ही नव्हता. सुट्टीत मामाच्या गावाहून आलेल्या पोरांना फिरवायचं ठिकाण ठरलेलं. तळ्यातल्या गणपतीला नमस्कार, फुलराणीची एक फेरी, भेळ आणि घर. कारखान्यातल्या कामगाराच्या खिशालाही ही करमणूक परवडायची, कारण ती महापालिकेची होती.

पण प्राण्यांचे हाल होते, हे मान्य करायला हवं. लहान पिंजरे, चहूबाजूंनी वाहनांचा गोंगाट. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम कडक झाले. आणि मग नजर गेली कात्रजकडे. इथे नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झालेलं होतंच. १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभं राहिलं, सुमारे १३० एकरांत, तलाव धरून. पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने इकडे आले. फुलराणी मात्र तिकडेच राहिली.

म्हणजे बघा, पर्वतीचं तळं गेलं तिथे बाग आली. बागेतले प्राणी आले ते पुन्हा त्याच ओढ्याच्या वरच्या तळ्याकाठी. फरक एवढाच, की कात्रजचं तळं अजून जिवंत आहे.

पण कसं जिवंत आहे? ज्या पाण्यावर शनिवारवाड्याची तहान भागली, त्यात आज सांडपाणी येतं, जलपर्णी माजते. वरच्या अंगाची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. घरं आधीच उभी राहिली होती, ड्रेनेज मागाहून धावतंय. दुसरीकडे ओढ्याची वाट अरुंद होत गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि याच ओढ्याने सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत हाहाकार उडवला. शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. पर्वतीला तळं होतं तेव्हा पाण्याला विसावायला एक जागा तरी होती.

तळ्याकाठी बाग, बोट, कारंजं, झोपाळे हे सगळं हवंच. गरिबाच्या पोराला स्वस्तात खेळायला मिळायलाच हवं, पेशवे पार्काने तेच तर केलं. पण तळ्याला नाक दाबून फेरी मारावी लागत असेल तर त्या कारंज्याचा काय उपयोग?

निवडणुकीत मतं मागायला येतील तेव्हा नवीन कारंजं जरूर मागा. त्याआधी एवढंच विचारा, वरच्या गावांचं सांडपाणी तळ्यात यायचं कधी थांबणार? आणि तारीख लिहून घ्या.