एका दमातली थाप

आमचा नातू पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, रहस्यकथा असेल, पोराला धीर धरवत नसेल. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकात खुनी कोण ते आम्हीही आधी मागं बघून घेत असू. पण हा गडी शेवटच्या पानावरून निघून पहिल्याकडे येतो, आणि प्रत्येक पानसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचतो. विचारलं तर म्हणाला, "आजोबा, हा मांगा आहे. जपानी. असाच वाचायचा असतो."

मांगा म्हणजे चित्रकथा. नातवाच्या हातातली होती 'हायक्यू', हारुइची फुरुदाते या गृहस्थानं 2012 ते 2020 अशी आठ वर्षं चालवलेली आणि पंचेचाळीस खंडांत संपलेली. एवढ्या खंडांत कोणाचं राज्य उलथलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. एका शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ सामने खेळतो. त्यात एक बुटका मुलगा आहे, तो उडी मारतो. उडी मारतो ती या पानावर, आणि खाली येतो तो पुढच्या-पुढच्या पानावर. मध्ये त्याला बालपण आठवतं, समोरच्याला त्याचं बालपण आठवतं, बाकावरचे राखीव खेळाडू घाम पुसत त्या उडीचं तात्पर्य सांगतात, आणि चेंडू बिचारा हवेत ताटकळत राहतो.

मी हसलो. नातू रागावला, आणि मला धडा शिकवायला म्हणून त्यानं टॅबवर एक सिनेमा लावला. त्यातली जपानी पोरं एका व्यायामशाळेत वाकून, हात पसरून, डोळ्यांतून ठिणग्या काढत ओरडत होती, "कबड्डी कबड्डी कबड्डी!"

मी चष्मा पुसून घेतला.

मालिकेचं नाव 'शाकुनेत्सु कबड्डी'. शाकुनेत्सु म्हणजे लालबुंद तापलेली. हाजिमे मुसाशिनो यांनी 2015 साली ही चित्रकथा सुरू केली, आणि 2021 साली तिच्यावर चलच्चित्र मालिका निघाली. नायक फुटबॉलमधला नाव काढलेला मुलगा. खेळाला विटलेला. त्याला जवळजवळ घेरूनच कबड्डीच्या संघात ओढतात. तो आधी या खेळाला फिदीफिदी हसतो. (इथं मला थोडा राग आला. हुतूतूला हसण्याचा अधिकार ज्यानं गुडघे फोडून घेतले त्याला. जपान्यांनी रांगेत यावं.) मग एका पकडीत तो असा आपटतो की त्याचं हसू तिथंच संपतं. पुढं नेहमीचंच. घाम, अश्रू, प्रतिस्पर्धी, पुन्हा घाम.

यात खोट काढायला मी बसलो आणि पाच मिनिटांत यादी झाली. चढाईला तीस सेकंद असतात. इथं एक चढाई दूरच्या नातेवाइकासारखी मुक्कामाला येते. चढाई करणारा तोंडानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत असतो आणि मनात एवढे विचार करतो की तेवढ्यात दहावीचा निबंध लिहून झाला असता. मी स्वतः चढाया केल्या आहेत. मध्यरेषा ओलांडली की मनात एकच विचार येतो, 'मेलो'. तो खरा ठरेपर्यंत दुसरा येत नाही. शिवाय प्रत्येक डावपेचाला नाव, प्रत्येक सामना शेवटच्या गुणापर्यंत, आणि कोणाच्याही घरी कसलंही काम नाही.

मी हे सगळं नातवाला ऐकवलं. तो म्हणाला, "मग तुम्ही तुमच्या मॅचची गोष्ट कशी सांगता?"

आता मला आमच्या मॅचकडे यावंच लागेल. पण आधी मास्तर.

आमचं गाव धामणगाव बढे. नुसतं धामणगाव म्हटलं की लोकांना रेल्वेचं धामणगाव आठवतं, अमरावती जिल्ह्यातलं. आमचं ते 'बढे'वालं, बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात. रेल्वे बघायची तर मलकापूरला जावं लागे. काळी माती, पऱ्हाटी, ज्वारी. 1972 च्या दुष्काळानंतरची ती दोन-तीन वर्षं. शाळेला खेळाचं साहित्य म्हणजे एक शिट्टी, आणि तीही मास्तरांच्या स्वतःच्या मालकीची. ज्या खेळाला काहीच लागत नाही तो खेळ आम्ही खेळत असू.

हे ड्रिलचे मास्तर आमचे मांगाकार. कागद-पेन्सिल न घेता ते शाकुनेत्सु कबड्डी काढत. ढेकळं फोडून, पाणी शिंपडून मैदान केलं की आम्हाला राखेच्या रेघेवर बसवायचे आणि सुरुवात करायचे, "पोट्टेहो, सन छत्तीस. बर्लिन."

यातलं खरं एवढं, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथं कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. मंडळ 1914 सालचं, आमच्या वऱ्हाडातलं. पोरं बोटीत बसून गेली आणि हुतूतू दाखवून आली. हे एवढंसुद्धा छाती फुगायला पुरेसं आहे. पण मास्तरांना ते पुरत नसे. त्यांच्या बर्लिनमध्ये अमरावतीचा गडी दम भरून निघायचा तो दुपारच्या सुट्टीची घंटा होईपर्यंत परत यायचा नाही. जर्मन प्रेक्षक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे, मग त्यांच्या बायका रडायच्या. शेवटी हिटलर खुर्चीवरून उठून म्हणायचा, "काहून बे, ह्याचा दम सरतच नाही का?" हिटलर वऱ्हाडीत बोलला याचं आम्हाला कधी आश्चर्य वाटलं नाही. आमच्या माहितीत सगळेच वऱ्हाडीत बोलत.

आणि सराव करताना पाणी प्यायला मास्तरांची बंदी. "पाणी पेलं का दम गेला." पुढं वाचनात आलं की जपानी शाळांतही नेमकी हीच बंदी होती. त्याच्यामागं इतिहास आहे. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकात जपानच्या बायकांनी व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक मिळवलं. त्यांचे शिक्षक दाइमात्सु इतके कडक, की लोक त्यांना राक्षसच म्हणत. मग त्या देशात जिद्दीचं वेड आलं. जिद्दीला त्यांचा शब्द 'कोंजो'. दोन वर्षांनी, 1966 साली, 'क्योजिन नो होशी' ही बेसबॉलची चित्रकथा सुरू झाली. तिच्यात एक बाप आपल्या लहान मुलाला अंगभर स्प्रिंगांचा सापळा बांधतो, जेवतानासुद्धा. अख्ख्या पिढीनं ते डोळे पुसत वाचलं. शाळेच्या संघांचं कौतुक तिथं त्याआधीपासूनच होतं. हायस्कुलांची बेसबॉल स्पर्धा 1915 पासूनची, आणि कोशिएनच्या मैदानावर हरलेली मुलं तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. अशा देशात शाळेच्या सामन्यावर पंचेचाळीस खंड निघाले तर नवल काय?

त्याच स्प्रिंगवाल्या गोष्टीला 2012 साली क्रिकेटचे कपडे चढवून आपल्याकडं दूरदर्शनसंचावर आणलं होतं. 'सूरज - द रायझिंग स्टार'. मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा, आणि स्प्रिंगांऐवजी सायकलच्या ट्यूबा. ट्यूब बरी. स्प्रिंगला पंक्चर काढता येत नाही.

हा या गोष्टींचा मला खटकणारा भाग. दुखणं जितकं जास्त तितका मुलगा थोर, हा हिशेब. आमच्यातलं एक पोरगं उन्हात चक्कर येऊन पडलं, तेव्हा मास्तरांनीच त्याला खांद्यावर टाकून विहिरीवर नेलं होतं. त्या दिवशी बर्लिन झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून राखेच्या रेघेजवळ पाण्याचा माठ आला. मास्तर त्याच्याविषयी काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

अतिशयोक्ती म्हणून नाक मुरडायला माझी हरकत नाही, पण खऱ्या शाळांनी काय कमी केलंय? फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमचा सचिन चौदा वर्षांचा, विनोद कांबळी सोळाचा. दोघांची भागी नाबाद 664. डाव सोडा म्हणून बाहेरून इशारे चालले होते आणि हे दोघे तिकडं बघतच नव्हते, असं सांगतात. कोणी मांगात काढलं असतं तर संपादकानं शंभर धावा कमी करून आणायला सांगितलं असतं. आणि 2016 साली कल्याणच्या प्रणव धनावडेनं शाळेच्या सामन्यात नाबाद 1009 केल्या. समोरच्या संघाचा पहिला डाव होता 31 धावांचा.

माझं लक्ष मात्र त्या समोरच्यांकडं जातं. 664 च्या सामन्यात सेंट झेवियर्सकडून मार खाणाऱ्यांत एक साईराज बहुतुले होता, जो पुढं भारताकडून कसोटी खेळला. बाकीच्यांचं काय? दिवसभर सीमारेषेपलीकडून चेंडू आणणाऱ्या पोरांना घरी गेल्यावर आईनं काय विचारलं असेल? धावफलकाला याचं काही पडलेलं नसतं. आणि इथं मला त्या जपानी थापाड्यांना मानावंच लागलं. त्यांच्या गोष्टीत हरणाऱ्यालाही बालपण असतं. बाद होता-होता का होईना, त्याला दहा पानं मिळतात. तो कोणाचा मुलगा, रोज पहाटे किती धावायचा, कोणाला काय शब्द देऊन आला, सगळं. सामना थांबवून सांगतात. ज्याला मी खोट म्हणत होतो, तीच ती जागा निघाली.

कारण आम्ही समोरचे होतो.

नववीत असताना एका मोठ्या गावच्या शाळेत सामने होते. त्या शाळेचं नाव सांगत नाही. त्यांनी काही वाईट केलं नाही, फक्त जिंकले. त्यांच्या बनियनांवर आकडे होते. आमच्यातल्या दोघांना बनियनच नव्हते. आमचा कप्तान मात्र खराखुरा चढाईबहाद्दर. त्याच्या दमाला गावात तोड नव्हती. पहिल्याच चढाईत त्यानं तिघांना बाद केलं. मग त्यांनी त्याला ओळखलं आणि साखळी लावून धरायला लागले. तो बाहेर बसला की आम्ही सहा जण कोंबड्यांसारखे कोपऱ्यात. लोण चढत गेले. 43-9. त्या नऊतला एक माझा, आणि तोही त्यांचा गडी स्वतःहून रेषेबाहेर गेला म्हणून.

परतीच्या एस्टीत मास्तरांनी बर्लिन काढलं नाही. मलकापूरला सगळ्यांना स्वतःच्या पैशानं भजी खाऊ घातली आणि म्हणाले, "पुढच्या साली पाहू."

मांगात हे वाक्य आलं की समजावं, पुढचे दहा खंड सरावाचे. आमच्या कप्तानाला पुढचं साल आलंच नाही. कापसाची वेचणी सुरू झाली, घरात हात कमी होते, आणि तो शाळेत यायचा थांबला. आधी वेचणीपुरता, मग उन्हाळ्यापुरता, मग कोणी हजेरीत त्याचं नाव घेईना. दहावीत आम्ही सहाच उरलो. सातवा म्हणून ज्याला घेतलं त्याला 'कबड्डी'सुद्धा सलग म्हणता येत नव्हतं, मध्येच हसायचा.

खेळ तेवढ्यात कुठल्या कुठं गेला. 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली. तिथपासून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णं आपली. 2010 ला जपाननं कांस्य घेतलं, म्हणजे त्या चित्रकथेआधीच त्यांची पोरं नुसती ओरडत नव्हती. 2018 ला जकार्त्यात इराणच्या बायकांनी अंतिम सामन्यात आपल्याला 27-24 असं हरवलं, आणि त्यांना शिकवणाऱ्या बाई कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन. हे मास्तरांनी सांगितलं असतं तर आम्हीसुद्धा म्हटलं असतं, मास्तर, आता जरा जास्तच होतंय.

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन गावी गेलो. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आमचा कप्तान बसला होता. मिशा पांढऱ्या, गुडघे गेलेले, आवाज तोच. भोवती पाच-सहा पोरं. मला पाहिलं तरी थांबला नाही, कारण तो चढाईत होता. आमचीच मॅच. पण हिच्यात त्याचा दम माझा चहा येऊन संपला तरी चालूच. मध्ये मला बनियन नव्हतं ते आलं. मास्तरांचा माठ आला. त्यांच्या त्या धिप्पाड कोपऱ्यातल्या गड्याचं डोळ्यात डोळे घालून पाहणं आलं. त्या गड्याला म्हणे एक आजारी आई होती आणि तिला शब्द देऊन तो आला होता. हे याला कसं कळलं, देव जाणे. नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"अन् मंग?" एका पोरानं विचारलं.

"मंग काय? बोट रेघीपासून इतकुसं राह्यलं. एका गुणानं हारलो."

जिंकलो, असं तो म्हणाला नाही.

नातवानं माझ्याकडं पाहिलं. त्याला 43-9 माहीत होतं, मीच सांगितलं होतं. म्हणाला, "आजोबा, खरंच एका पॉइंटनं?"

कप्तान कपातला तळाचा चहा बघत बसला होता.

"एका कुठं," मी म्हटलं, "अर्ध्या."